फौजेचा पगार आणि मुलुखाची गहाणवट

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



'लष्कर आणि राजकारण' या विषयावर मी आज चार शब्द बोलावेत, अशी आपल्या कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. ती ऐकून एकदोन स्नेह्यांनी मला विचारले की, गुरुजी, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय आणि वसतिगृहाचा निधी या आपल्या नेहमीच्या कार्यक्रमांत हा विषय कोठून शिरला? शंका वाजवी आहे. सेनापतीने राज्य बळकावले, परराष्ट्राने त्यास पैसा व शस्त्रे पुरविली, अशा वार्ता आपण वाचतो त्या बहुधा दूरदेशीच्या असतात. परंतु हिंगोलीच्या रहिवाशास तरी हा विषय दूरचा म्हणता येणार नाही. आपल्या शहरातील वस्त्यांची नावे घ्या : पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. नित्याच्या तोंडी असल्यामुळे त्यांचा अर्थ आपल्या ध्यानी येत नाही, इतकेच. ही सारी नावे एका छावणीची आहेत, आणि त्या छावणीने आपल्या समाजाचे, आपल्या नद्यांचे व आपल्या सोयरिकींचे जे केले, तेच मला आज सांगावयाचे आहे.

ती छावणी कोणाची? काही वृद्ध सांगतात, इंग्रजांची होती. काही म्हणतात, निजामाची. दोन्ही उत्तरे खरी आहेत आणि सारी मेख तेथेच आहे. त्या फौजेचे नाव हैदराबाद कंटिंजंट. बोलारम हे तिचे मुख्य ठाणे, आणि औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे आजचे अचलपूर, रायचूर, आणि आपले हिंगोली ही इतर ठाण्यांपैकी काही. तिचा पगार निघे निजामाच्या खजिन्यातून, म्हणजेच आपल्या खापरपणजोबांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून. तिचे अधिकारी इंग्रज. तिला हुकूम हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटचा, आणि तो रेसिडेंट उत्तरदायी कलकत्त्यास. राखणदार आपण ठेवावा, दाणागोटा आपण पुरवावा, आणि त्याने मात्र बांधापलीकडच्या शेतकऱ्याचे ऐकावे, असा तो प्रकार होता.

हा प्रकार एका दिवसात घडला नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस निजाम अलीखानाच्या पदरी रेमाँ नावाचा एक फ्रेंच सेनापती होता. त्याच्या हाताखाली सुमारे १४ हजारांची कवायती फौज होती. हैदराबादचे लोक त्याला इतके मानीत की हिंदूंनी त्याचे नाव मुसाराम केले आणि मुसलमानांनी मुसा रहीम. १७९८ च्या मार्च महिन्यात तो वारला. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला : इंग्रजांच्या सहा पलटणी हैदराबादेत राहाव्यात आणि निजामाने त्यापोटी दरसाल २४ लाख १७ हजार १०० रुपये द्यावेत. ऑक्टोबरात फ्रेंचांची फौज मोडण्यात आली. एक परकी गेला, दुसरा परकी आला. फरक एवढाच की पहिला चाकर होता आणि दुसरा धनी होऊन बसला. पुढे १८०० साली दुसरा तह झाला व फौजेच्या खर्चापोटी बल्लारी-कडप्प्याकडील मुलूख निजामाने कायमचा तोडून दिला. शाळेत आपण हे 'तैनाती फौज' या नावाने पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरून जातो.

या १८०० च्या तहात एक लहानसे कलम होते. युद्धप्रसंगी निजामाने ६ हजार पायदळ व ९ हजार घोडेस्वार इंग्रजांच्या मदतीस द्यावेत, असे ते कलम. युद्धप्रसंगी, हा शब्द ध्यानी ठेवावा. शांततेच्या काळात ही फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली खडी ठेवावी असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. परंतु १८११ साली हेन्री रसेल हा हैदराबादेत रेसिडेंट होऊन आला, आणि त्याने निजामाच्या पैशाने इंग्रजी पद्धतीची एक कवायती फौज उभारली. तिला लोक रसेल ब्रिगेड म्हणत. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या रणांगणावर ही फौज होळकरांविरुद्ध लढली. निजामाचे होळकरांशी त्या वेळी काय वैर होते, हे कोणी सांगू शकणार नाही.

आणि मग ही फौज आपल्या दाराशी आली. आपल्या हटकर समाजाचा पराक्रम आजचा नाही. अकबराच्या दरबारी लिहिल्या गेलेल्या 'आईने अकबरी'त वाशीमच्या मुलुखाचे वर्णन करताना हटकरांचा उल्लेख आहे, आणि मानी व न जुमानणारे असे त्यांचे वर्णन केले आहे. बादशाही लेखकाने तक्रार म्हणून लिहिले ते आपण भूषण म्हणून वाचतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील डोंगराळ मुलूख आपल्या नाइकांच्या ताब्यात होता. पेशवाई बुडाली त्याच सुमारास नोवसाजी नाईक यांनी या मुलुखात उठाव केला. उमरखेडजवळ त्यांची लढाई झाली, आणि तेथून मागे सरून ते हदगाव तालुक्यातील आपल्या नाव्ह्याच्या किल्ल्यात राहिले. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याच्या हाताखालील फौजेने नाव्ह्यास वेढा घातला. मोर्चे सरकवीत, तोफा डागीत तो वेढा चालला आणि महिनाअखेरीस किल्ला पडला. नोवसाजींना कैद करून हैदराबादेस नेण्यात आले. तेथेच त्यांचा अंत झाला.

दरवर्षी आपण नोवसाजी नाइकांच्या प्रतिमेस हार घालतो. घालावाच. पण हार घालताना दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात असे मला वाटते. पहिली ही की, किल्ल्यात लढणाऱ्यांत अरब शिबंदीचा भरणा मोठा होता. म्हणजे आपल्या नाइकांचीही मदार बऱ्याच अंशी पगारी परकी शिपायांवर होती. त्या काळी सर्वांचीच होती, निजामाचीही आणि पेशव्यांचीही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ज्या फौजेने नाव्हा घेतले, ती कागदोपत्री निजामाची, म्हणजे आपल्याच राजाची होती. राजाचा आणि त्याच्या एका बंडखोर नाइकाचा कलह परक्याच्या हुकमाने, परक्याच्या तोफांनी आणि राजाच्याच पैशाने मिटविण्यात आला. इंग्रजांनी नाव्ह्याचे नाव आपल्या पलटणींच्या निशाणांवर युद्धसन्मान म्हणून कोरले. निजामाच्या वाट्यास हिशेबाची वही आली.

आता त्या वहीकडे वळू या. तलवारीने जे साधले नसते ते या वहीने साधले.

या फौजेचा खर्च वर्षाला सुमारे ४० लाख रुपयांच्या घरात जाई. अधिकाऱ्यांचे पगार भरमसाट, आणि जागा वाढवून त्यांत रेसिडेंटच्या मर्जीतील माणसे नेमली जात. इंग्रज अधिकाऱ्यांतच थट्टेने म्हटले जाई की, बिचारा निजाम सर्वांचे भरतो. एवढा पैसा दरमहा कोठून यावा? दिवाण चंदूलाल याने कर्ज काढले. हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी नावाची एक पेढी होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने तिला १८१६ साली निजामाशी सावकारी करण्याची परवानगी दिली, आणि तिचा एक भागीदार रम्बोल्ड हा हेस्टिंग्जच्या घरात वाढलेल्या मुलीचा नवरा होता. वऱ्हाड-औरंगाबादकडील फौजेचा पगार ही पेढी आगाऊ देई आणि त्यावर शेकडा २५ पर्यंत व्याज लावी. १८२० साली आणखी ६० लाखांचे कर्ज झाले. फौज इंग्रजांच्या हुकमातील, तिच्या पगारासाठी कर्ज इंग्रजांच्या मर्जीतील पेढीचे, आणि ते फेडावयाचे हिंगोली-वसमतच्या कुणब्याने! चार्ल्स मेटकाफ रेसिडेंट होऊन आला तेव्हा त्याने हा घोटाळा उघडकीस आणला. त्या इंग्रजाचे श्रेय त्यास दिले पाहिजे. परंतु घोटाळा मिटविण्याची रीत पाहा. कंपनी सरकार उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास दरसाल ७ लाखांची पेशकश देत असे. १८२३ साली तिच्या बदल्यात सुमारे १ कोटी १६ लाख एकरकमी देऊन ती पेशकश कायमची बंद करण्यात आली, आणि त्या पैशातून पामरचे देणे भागले. पेढी पुढच्या वर्षी बुडाली. फौज मात्र होती तेथेच राहिली, आणि पगार पुन्हा तुंबू लागला.

पुढील तीस वर्षांत कंपनी सरकार स्वतः हा पगार भरू लागले व निजामाच्या नावे मांडू लागले. शेवटी लॉर्ड डलहौसी याने तगादा लावला. शांततेच्या काळात ही फौज बाळगण्याचे बंधन तहान्वये निजामावर नाही, हे डलहौसीने स्वतः आपल्या लेखी टिपणात मान्य केले होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तरीही २१ मे १८५३ रोजी नासिरुद्दौला निजामाकडून करारावर सही घेण्यात आली. वारशाने आलेला मुलूख विनाकारण देऊन टाकणे हे राजास लांछनास्पद आहे, असे त्याने रेसिडेंट कर्नल लो यास सुनावल्याची नोंद आहे. पण सुनावण्यापलीकडे त्याच्या हाती काही नव्हते. ५ हजार पायदळ, २ हजार घोडेस्वार आणि तोफखान्याच्या चार तुकड्या यांच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिवकडील मुलूख आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हवाली झाला. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. सालारजंगासारखा कर्ता दिवाण त्यासाठी जन्मभर झटला, १८७६ साली विलायतेस जाऊन आला, आणि १८८३ साली वारला. वऱ्हाड परत आले नाही.

आता बंधूंनो, हे 'वऱ्हाड' म्हणजे काय ते आपल्या डोळ्यांसमोर आणा. कनेरगाव सोडून पैनगंगा ओलांडली की वाशीम. खाली शेंबाळपिंपरी, पुसद, उमरखेड. तेथे कोण राहतो? आपलाच समाज राहतो. आपल्या आज्या त्या तीरावरून या तीरावर नांदावयास आल्या आणि आपल्या आत्या या तीरावरून त्या तीरावर गेल्या. एका फौजेच्या थकलेल्या पगारापायी १८५३ साली या नदीत सरहद्द उभी राहिली. अलीकडे मोगलाई, पलीकडे साहेबाचे राज्य. अलीकडे हाली शिक्का, पलीकडे कलदार रुपया. म्हणजे लेकीच्या लग्नात द्यावयाचा आहेरसुद्धा बट्टा देऊन बदलून न्यावयाचा. वाटेत करोडगिरीचा नाका. अलीकडच्या कचेरीत व शाळेत उर्दू, पलीकडच्या शाळेत मराठी. मामाच्या घरी राहणारा भाचा मराठी शाळेत शिकून मास्तर, वकील होई, आणि त्याच घरातून इकडे दिलेल्या बहिणीचा मुलगा अक्षरशत्रू राही. आपल्या समाजात वऱ्हाडाकडील घराणी शिक्षणात पुढे आणि मराठवाड्याकडील मागे का, असा प्रश्न या मेळाव्यात दरवर्षी निघतो आणि दरवर्षी आपण स्वतःच्या आळसास दोष देतो. आळस असेलही. परंतु १८५३ चा करारही वाचावा.

छावणीचे पुढे काय झाले? १८५७ च्या जूनमध्ये औरंगाबादच्या कंटिंजंट रिसाल्यात चळवळ झाली. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढावयास नेणार, अशी भुमका उठली आणि स्वार बिघडले. अहमदनगरकडून जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. कित्येकांना देहान्त शिक्षा झाली. उरलेली कंटिंजंट सर ह्यू रोजच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानात गेली आणि झाशीची राणी व तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढली. मराठवाड्याच्या साऱ्यावर पोसलेली फौज राणी लक्ष्मीबाईंवर चालून गेली, हे वाक्य मी वर्गात उच्चारीत असे तेव्हा मुले गप्प होत. त्या फौजेत उत्तरेकडील शिपायांचा आणि मुसलमानांचा भरणा अधिक होता, आपले लोक थोडे, हे खरे. पण पोट कोणाच्या जोंधळ्यावर भरत होते?

१९०२ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन याने महबूब अलीखान निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले, वर्षाला २५ लाख रुपये खंड ठरवून. फौज इंग्रजांच्या मुख्य सैन्यात सामील झाली आणि १९०३ साली हिंगोलीची छावणी मोडली. पन्नास वर्षे ज्या फौजेच्या नावाने वऱ्हाड अडकवून ठेवले होते ती फौज गेली, वऱ्हाड मात्र सुटले नाही. १९३६ साली निजामाच्या युवराजास 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब देण्यात आला. वतन गेले, उपाधी आली. आपल्या गावच्या कित्येक देशमुखांची हीच कथा आहे, असो.

पुढचा अंक बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. स्वातंत्र्यानंतर २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबादने भारताशी जैसे थे करार केला, आणि लगोलग तो पायदळी तुडविण्यास आरंभ केला. पाकिस्तानला २० कोटींचे कर्जरोखे देण्यात आले. सिडनी कॉटन नावाचा एक परदेशी वैमानिक कराचीहून रात्री विमाने भरून शस्त्रे आणू लागला. जनरल इद्रूस याच्या हाताखाली नियमित फौज होतीच. तिच्या जोडीला लातूरचा वकील कासीम रझवी याचे रझाकार. रझाकार कोणाच्या पगाराचे आणि कोणाच्या हुकमाचे, हे निजामासही सांगता येईना. राज्याच्या फौजेवर राजाचा ताबा नसला म्हणजे काय होते, हे १७९८ ते १८५३ मध्ये त्या घराण्याने पाहिले होते. १९४८ मध्ये पुन्हा पाहिले. ऑगस्टात हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे धाव घेतली. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य आत आले आणि १७ तारखेस सारे आटोपले. त्या दिवसांत अलीकडची कितीतरी कुटुंबे पैनगंगा ओलांडून पलीकडे आश्रयास गेली. उमरखेडला स्टेट काँग्रेसचे शिबिर होते. ज्या सरहद्दीने समाज तोडला तीच त्या वर्षी आडोसा झाली. इतिहास असाही वागतो.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात पुष्कळ निरपराध मुसलमान कुटुंबांवर अत्याचार झाले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते पाहून भारत सरकारला अहवाल दिला. तो कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे पाप त्यांच्या शेजाऱ्यांच्या पदरात टाकण्याचा अधिकार कोणास नव्हता. १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो तेव्हा हेही मुलांना सांगावे, असे माझे मत आहे.

परंतु त्या पोलीस कारवाईचा एक भाग असा आहे की ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. जनरल चौधरी हे हैदराबादचे लष्करी गव्हर्नर झाले. एका मोठ्या राज्याची सारी सत्ता एका सेनापतीच्या हाती होती. पंधरा महिन्यांनी, १९४९ च्या अखेरीस, त्यांनी ती मुलकी शासनाच्या स्वाधीन केली आणि ते आपल्या फौजेत परत गेले. १९५२ साली निवडणुका झाल्या. आपणांस यात विशेष काही वाटत नाही, कारण आपण याच रीतीत वाढलो. शेजारच्या पाकिस्तानात पाहा. तीच इंग्रजांनी घडविलेली फौज, तीच कवायत, तेच भोजनगृहातील रिवाज. तेथे अयूबखान १९५१ साली सरसेनापती झाले, १९५४ साली सेनापतिपद न सोडता संरक्षणमंत्रीही झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेशी शस्त्रमदतीचा करार झाला. शस्त्रे बाहेरून, पैसा बाहेरून. मग सेनापतीस आपल्या लोकसभेची पर्वा का वाटावी? १९५८ च्या ऑक्टोबरात त्यांनी राज्य घेतले. तेरा वर्षांनी, १९७१ साली, तो देश दुभंगला. त्यानंतरही १९७७ मध्ये झिया आणि १९९९ मध्ये मुशर्रफ यांनी तोच मार्ग धरला. फौजेच्या पगाराची किंमत मुलुखाने चुकविण्याची जी रीत आम्ही वऱ्हाडात पाहिली, तीच ढाक्यास दिसली.

आता गंमत पाहा. हिंगोलीच्या छावणीतून गेलेल्या त्या कंटिंजंटचा वंश अद्यापि खुंटलेला नाही. तिच्या पायदळाच्या पलटणी मिळून १९२२ साली एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. तिच्या रिसाल्याचा वारसा डेक्कन हॉर्सकडे आहे. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामच्या रणात श्रीनगरचे विमानतळ राखताना ज्यांनी देह ठेवला, ते पहिले परमवीरचक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटच्या चौथ्या पलटणीचे. जनरल थिमय्याही याच रेजिमेंटमध्ये वाढले. १९५९ साली संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी त्यांचा विकोपाचा मतभेद झाला. भूसेनेचा प्रमुख, शिपायांचा लाडका, आणि शेजारच्या देशात सेनापतीने राज्य घेतल्यास वर्षही झालेले नव्हते. थिमय्यांनी काय केले? राजीनामा लिहून दिला. पंतप्रधान नेहरूंनी सांगितल्यावर तो मागे घेतला आणि १९६१ साली वेळेवर निवृत्त झाले. मेनन यांचे धोरण चुकीचे होते असे माझे स्पष्ट मत आहे, आणि १९६२ ने ते दाखवूनही दिले. तरीही थिमय्यांनी केले तेच योग्य केले. ज्या फौजेने नाव्हा पाडले, त्याच फौजेच्या वंशातला हा सेनापती. शिपाई तोच, बंदूकही तशीच. पगाराची तरतूद आता संसद मंजूर करते आणि हुकूम तिला जबाबदार असलेले मंत्रिमंडळ देते, एवढाच काय तो पालट झाला.

आज आपली मुले पहाटे रस्त्यावर धावताना दिसतात, कोणी अग्निवीर होण्यासाठी, कोणी आपल्याच गावच्या राज्य राखीव पोलीस दलासाठी. चार वर्षांची भरती योग्य की अयोग्य, यावर घरोघरी वाद आहेत, आणि ते व्हावेत. फौजेविषयीचे वाद घरात, सभेत आणि लोकसभेत होणे हेच इष्ट. ते छावणीत होऊ नयेत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा आणि विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, आणि पैनगंगेचे दोन्ही तीर १०३ वर्षांनी एका राज्यात आले. त्यापूर्वीच्या काळाचे कागद अजून आपल्या घरांत आहेत. म्हणून मंडळाच्या वतीने माझी एक विनंती आहे. पेन्शनपुऱ्यात, कनेरगावाकडे, तसेच पलीकडे पुसद-उमरखेडला ज्यांच्या घरी मोडीतील वतनपत्रे, हाली शिक्क्यातील खरेदीखते, करोडगिरीच्या पावत्या किंवा छावणीच्या काळातील पेन्शनची पुस्तके असतील, त्यांनी ती बोहारणीच्या किंवा रद्दीवाल्याच्या हाती देऊ नयेत. दिवाळीपूर्वी मंडळाच्या कचेरीत आणून दाखवावीत. छायाप्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल. मोडी वाचणारे एक गृहस्थ वसमतहून यावयास तयार आहेत. नाव्ह्याच्या वेढ्यासंबंधी आपल्याजवळ आहे ते बहुतेक इंग्रजांच्या बाजूचे. आपल्या बाजूचा एक तरी कागद मिळाला, तर पुढील वर्षाच्या स्मरणिकेत तो छापण्याचे मंडळाने मान्य केले आहे.